रसशाळेतील धातू येतो कोठून?

रसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने धातूंची ग्राह्य आणि अग्राह्य लक्षणे पाठ केलेली असतात. तांबे नेपाळ जातीचे घ्यावे, म्लेच्छ जातीचे टाकावे. कथील खुरक घ्यावे, मिश्रक वर्ज्य करावे. मंडूर जुने आणि जड असावे. परीक्षेत या लक्षणांवर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर लिहितो आणि पुढे व्यवसायात शिरल्यावर बहुधा ती लक्षणे विसरली जातात. कारण रसशाळेत धातू येतो तो बाजारातून. ‘जस्त, अमुक किलो, दर तमुक’ एवढेच बिलावर असते आणि एवढ्यावर आपण शोधनाला आरंभ करतो. हा धातू कोणत्या खनिजातून, कोणत्या रीतीने निघाला, की तो खनिजातून न येता भंगारातून पुन्हा वितळून आला, याची नोंद बहुतेक लहान रसशाळांत आढळणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या घटकेला भस्मनिर्मितीतील सर्वांत मोठा दोष हाच आहे. पुटांची संख्या, गोवऱ्यांचे वजन, भावनाद्रव्ये यांवर आपण चर्चासत्रे घेतो. मूळ धातूविषयी मात्र व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबतो.

सुप्यासारख्या गावी हा प्रश्न अधिकच टोचतो. पारनेर तालुक्याचा हा सारा भाग काळ्या पाषाणाचा आहे. येथे विहीर खोदली तर कातळ लागतो, खनिज लागत नाही. जस्त, तांबे, कथील, शिसे यांतील एकही धातू या मातीत मिळत नाही; जो काही येतो तो पुणे-नगर महामार्गावरून मालमोटारीतून येतो. गेल्या काही वर्षांत सुप्याची औद्योगिक वसाहत विस्तारली, जपानी उद्योगांसाठी तेथे स्वतंत्र क्षेत्र राखले गेले, आणि परिसराच्या अर्थकारणाला गती आली. जेथे कारखाने असतात तेथे धातूची मोडही निघते, आणि मोडीचा धातू हाताशी, सुटा व स्वस्त मिळतो. किलो-दोन किलो जस्त हवे असणाऱ्या वैद्याला त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. येथे कोणाही व्यापाऱ्यावर आरोप करावयाचा नाही. मोडीचा व्यापारी मोड म्हणूनच विकतो. तिचे औषध होणार आहे हे त्याने गृहीत धरावे अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. विचारण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

जस्ताचेच उदाहरण सविस्तर पाहू, कारण खनिजापासून धातू काढण्याच्या विद्येत भारताने जगाला जे दिले त्यात जस्ताचे स्थान पहिले आहे, आणि ती विद्या आपल्याच ग्रंथांत जतन झालेली आहे.

जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. परंतु त्याच्या खनिजातून कोळशाच्या साहाय्याने धातू मुक्त करावयाचा तर सुमारे हजार अंश किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणजे धातू मुक्त होतो तो थेट वाफेच्या रूपात, आणि त्या वाफेला वारा लागला की तिची पुन्हा राख होते. लोखंड किंवा तांबे गाळण्याची उघडी भट्टी येथे निरुपयोगी ठरते. यावर रसरत्नसमुच्चयकारांनी सांगितलेला उपाय वृंताक मूषेचा: वांग्याच्या आकाराची बंद मूषा, तिला लांब नळी, वर अग्नी आणि खाली पाण्याचे पात्र. खर्पर इतर द्रव्यांसह मूषेत भरावे, ज्वाळेचा निळा रंग जाऊन ती पांढरी दिसू लागली की सत्त्व पडले असे समजावे. ज्वाळेच्या रंगावरून क्रियेचा टप्पा ओळखणारा तो कारागीर आणि त्याची रीत लिहून ठेवणारा ग्रंथकार, दोघांविषयी आदरच वाटतो.

हे वर्णन केवळ पोथीतले होते असे कोणास वाटत असेल तर त्याने राजस्थानातील झावरकडे पाहावे. उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या या खाणींच्या परिसरात १९८० च्या दशकात बडोद्याचे महाराज सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून उत्खनन केले. तेथे जस्ताच्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस मूषा, सहा-सहाच्या ओळींत, नळी खाली करून उलट्या मांडलेल्या. आणि त्यांचा आकार नेमका वांग्याचा. वापरलेल्या मूषांचे ढीगच्या ढीग त्या टेकड्यांवर पडलेले आहेत; काही घरांच्या भिंतीही त्यांनीच रचलेल्या आहेत. युरोपात जस्त काढण्याचे एकस्व ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने १७३८ साली घेतले; झावरच्या भट्ट्या त्याआधी कित्येक शतके धगधगत होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या विझल्या. दुष्काळ आणि मराठी फौजांच्या स्वाऱ्या ही त्याची कारणे सांगितली जातात; आपण मराठी वाचकांनी तेवढा भाग गाळून अभिमान मिरवू नये.

असो. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कॅडमियम नावाचा धातू ७६७ अंशांना, म्हणजे जस्ताच्याही आधी उकळतो, आणि जस्ताच्या खनिजात तो थोड्याफार प्रमाणात असतोच. तेव्हा पातनाच्या जुन्या रीतीने काढलेल्या जस्तातून कॅडमियम वेगळे पडणे शक्य नव्हते. ते वाफेबरोबर येऊन सत्त्वातच मिसळणार. उलट शिसे १७४९ अंशांपर्यंत उकळत नसल्याने त्याचा मोठा भाग मूषेत मागे राही. जुन्या जस्ताचे गुणदोष असे त्याच्या निर्मितीतूनच ठरत होते, आणि आजच्या जस्ताचेही तसेच ठरतात.

कॅडमियमच्या शोधाची हकीकत तर प्रत्येक औषधनिर्मात्याने वाचावी अशी आहे. १८१७ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रीडरिख स्ट्रोमायर यांच्याकडे हॅनोव्हर राज्यातील औषधालयांच्या तपासणीचे काम होते. एका ठिकाणी त्यांना जस्ताच्या भस्माऐवजी जस्ताचे कार्बोनेट ठेवलेले आढळले. विचारणा करता उत्तर मिळाले की ते तापवले तर पांढरे भस्म होत नाही, पिवळट होते, म्हणून तसेच विकतो. जस्ताचे भस्म तापलेले असताना पिवळे दिसते हे आपणांस ठाऊक आहे. परंतु हे थंड झाल्यावरही पिवळे राहत होते. लोहाचा अंश असेल म्हणावे, तर लोह सापडेना. शोध घेता घेता त्या कार्बोनेटात एक नवाच धातू सापडला. दुसरीकडे माग्डेबुर्ग येथेही जस्ताचे भस्म सोमलाच्या संशयावरून जप्त झाले होते. तो सोमल नव्हता, हाच धातू होता. खर्परवर्गातील खनिजाच्या ‘कॅडमिया’ या जुन्या नावावरून त्याचे कॅडमियम असे नामकरण झाले. म्हणजे एका विषारी धातूचा शोध लागला तो खाणीत नव्हे, औषधाच्या बरणीत. आणि लागला तो ‘रंग असा का?’ या एका प्रश्नामुळे. या धातूने मूत्रपिंड आणि अस्थी यांची काय दशा होते हे जपानच्या तोयामा परगण्यात दिसले. शेजारच्या गिफू परगण्यातील कामिओका येथील जस्ताच्या खाणीचे पाणी जिंत्सू नदीत जाऊन भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ होऊन मोडणाऱ्या रुग्णांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला नाव पडले, आणि १९६८ साली तेथील शासनाने कॅडमियम हे त्याचे कारण म्हणून मान्य केले.

आता आजचे जस्त. खनिज प्रथम दळून फेसाच्या साहाय्याने त्याचा सार वेगळा करतात. तो भाजला की गंधक वायुरूपाने निघून जाते आणि त्याचे गंधकाम्ल बनवतात. उरलेली राख त्याच आम्लात विरघळवतात. या द्रावात जस्ताचीच भुकटी टाकली की तांबे, कॅडमियम यांसारखे धातू खाली बसतात. मग शुद्ध केलेल्या द्रावातून वीज सोडून जस्ताचा पत्रा पाटीवर चढवतात. देबारीच्या प्रद्रावशाळेत १९६८ पासून ही रीत आली. हिची मोठी देणगी म्हणजे कॅडमियम आणि शिसे या दोहोंपासून बव्हंशी सुटलेले जस्त. अत्युच्च प्रतीच्या जस्तात धातूचे प्रमाण किमान ९९.९९५ टक्के असते. शिसे आणि कॅडमियम यांची कमाल मर्यादा प्रत्येकी ०.००३ टक्के. परंतु बाजारात एवढीच एक प्रत नाही. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्यासाठी चालणारी ९८.५ टक्क्यांची प्रतही आहे, तिच्यात शिसे १.४ टक्क्यांपर्यंत चालते. त्या कामाला त्याने बाध येत नाही. साच्यात ओतून सुटे भाग बनवतात त्या जस्ताच्या मिश्रधातूत सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम मुद्दाम घातलेले असते. विजेरीच्या जुन्या सेलचा डबा जस्ताचा असे, पण तो नीट घडावा म्हणून त्यात शिसे व कॅडमियम मिसळले जाई. हे सारे मोडीत ‘जस्त’ याच नावाने जाते.

याचा रुग्णाशी संबंध काय, ते हिशेबाने पाहू. यशद भस्माची १२५ मिलिग्रॅमची मात्रा धरली तर तिच्यात जस्त सुमारे १०० मिलिग्रॅम. मूळ धातूत शिसे १.३ टक्के असेल आणि ते कोठेही निघून गेले नाही, तर त्या एका मात्रेत १.३ मिलिग्रॅम शिसे पोटात जाईल. दिवसातून दोन मात्रा, चाळीस दिवस, हा हिशेब वाचकांनीच पुढे करावा. अत्युच्च प्रतीचे जस्त वापरले तर तोच आकडा फार तर ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे चारशेपटीहून कमी. कृती तीच, पुटे तितकीच, वैद्यही तोच. फरक पडला तो बिलावर न लिहिलेल्या एका गोष्टीमुळे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की शोधन कशासाठी आहे? सात वेळा ढाळन केले, कुमारीरसात मर्दन केले, मग दोष राहतो कोठे? या प्रश्नात एका शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत आहे. धातुशास्त्रज्ञ ज्याला शुद्धीकरण म्हणतो ते परकीय धातू वेगळे काढणे होय. रसशास्त्रातील शोधन त्याहून व्यापक आहे. त्याने धातू मारणयोग्य, ठिसूळ होतो, द्रव्याचे संस्कार त्यावर घडतात, आणि काही मल निघूनही जातात. तथापि वितळलेल्या जस्तात विरघळलेले शिसे दूध, ताक, तेल किंवा चुन्याच्या निवळीत ओतल्याने बाहेर पडेल असे मानण्यास काही आधार दिसत नाही. जारणात आणि पुटात तेही जस्ताबरोबर जळते आणि राखेतच राहते. भस्म पाण्यावर तरेल, बोटाच्या रेषांत शिरेल, चांदीबरोबर तापवता चांदीचे वजन वाढणार नाही. वारितर, रेखापूर्ण, निरुत्थ या तिन्ही कसोट्या पार पडतील, आणि तरीही शिसे असेल. या कसोट्या भस्म झाले की नाही हे सांगतात. कशाचे झाले हे त्या सांगत नाहीत. त्यासाठीच ग्रंथांनी ग्राह्याग्राह्य विचार आधी ठेवला आहे. मिश्रक वंग वर्ज्य करणाऱ्या ग्रंथकाराला भेसळ शोधनाने जाईल असे वाटत असते तर त्याने ते वर्ज्य केलेच नसते. कल्हईवाल्याकडचे कथील किंवा डाख लावण्याची कांडी वितळवून वंग भस्म करणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे. डाखेच्या नेहमीच्या मिश्रणात कथील साठ टक्के तर शिसे चाळीस टक्के असते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. नाग भस्म आपण देतोच, मग यशदातील थोड्या नागाचे एवढे भय कशाला? नाग भस्म देताना वैद्य रोगी पाहतो, बल पाहतो, मात्रा ठरवतो, काळ ठरवतो आणि लक्ष ठेवतो. यशद भस्म तो दृष्टिमांद्याच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला निराळ्या हिशेबाने आणि पुष्कळदा दीर्घकाळ देतो. जे द्रव्य दिले आहे हे वैद्यालाच ठाऊक नाही त्याची मात्रा कोणी ठरवली? नगरला १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय उभारणारे वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आपल्या औषधिगुणधर्मशास्त्रात एकेका कल्पाचा दोष, दूष्य आणि स्थान यांच्या अनुषंगाने बारकाईने विचार केला. त्या ग्रंथाच्या आधारावर आजही महाराष्ट्रात सहस्रावधी वैद्य भस्मे वापरतात. ते सारे विवेचन यशद म्हणजे यशद या गृहीतावर उभे आहे.

याच्या उलट टोकाला एक विचार आहे, त्यालाही येथे स्थान द्यावे. विजेने काढलेले जस्त ‘अतिशुद्ध’ असल्याने त्यात खनिजाचे मूळ गुण उरत नाहीत, म्हणून ते औषधाला नको, असे काही ज्येष्ठ रसवैद्य मानतात. हा विचार प्रयोगाने तपासण्यासारखा आहे, आणि तपासण्याची साधने आता महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ साली जसद भस्माचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना त्यात अतिसूक्ष्म कण आढळले, आणि त्यातील जस्ताच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी असल्याचे दिसले. म्हणजे भस्म म्हणजे रसायनाच्या दुकानातील पांढरी पूड नव्हे, या आपल्या म्हणण्याला बळ मिळाले. झावरच्या रीतीने पातन केलेले जस्त आणि विजेने काढलेले जस्त, दोहोंची भस्मे एकाच कृतीने करून शेजारी ठेवावीत. आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून चांगला विषय कोणता? पण तो प्रयोग होईपर्यंत ‘खनिजाचे मूळ गुण’ या नावाखाली मोडीतील शिशाचे समर्थन कोणी करू नये.

जस्ताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दुर्लक्षित विषय मंडूराचा आहे. पुनर्नवा मंडूर खेड्यापाड्यांतील पांडुरोगाला आपण किती सहज लिहून देतो! मंडूर म्हणजे लोहकिट्ट, लोखंड गाळताना निघालेली मळी (आमच्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा शब्द जपून वापरावा लागतो). शंभर वर्षांचे उत्तम, ऐंशीचे मध्यम, साठचे कनिष्ठ असे ग्रंथ सांगतात. ग्रंथकारांच्या काळी कोळशाच्या लहान भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नसे. गोळा खाली जमे आणि खनिजातील बरेचसे लोह वाळूशी संयोग पावून किट्टात वाहून जाई. धातू मिळवणाऱ्याच्या दृष्टीने तो तोटा, वैद्याच्या दृष्टीने लाभ. अशा जुन्या किट्टात लोहाचे ऑक्साइड निम्म्याच्या आसपासही असू शकते. महाराष्ट्रात ही विद्या फार प्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोह गाळण्याची भट्टी उजेडात आली, आणि विदर्भात अशा वस्त्या आणखीही आहेत.

आजच्या झोतभट्टीचे तत्त्व निराळे आहे. तेथे चुनखडी घालून किट्ट पातळ करतात आणि लोह जवळजवळ सारे काढून घेतात. त्या किट्टात लोहाचे ऑक्साइड टक्क्या-दोन टक्क्यांच्या आतच राहते, बाकी चुना, वाळू आणि ॲल्युमिना. धातुशास्त्राची ही प्रगतीच आहे, सिमेंटवाले ते किट्ट आनंदाने घेतात. पण त्याला शंभर वर्षे पुरून ठेवले तरी ते मंडूर होणार नाही. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचे किट्ट आणखी वेगळे: त्यात लोह असेल, पण भंगारात जे काही आले ते मँगनीज, क्रोमियम यांच्या रूपाने त्यातही उतरणार. गोमूत्रात सात वेळा विझवले तरी क्रोमियम क्रोमियमच राहते. तेव्हा ‘मंडूर’ म्हणून पोत्यात येणारा काळा दगड कोणत्या भट्टीचा, हे विचारल्यावाचून तो रसशाळेत घेऊ नये. जड, टणक, पोकळ्या नसलेले घ्यावे ही ग्रंथोक्त परीक्षा येथे आजही उपयोगी पडते, कारण झोतभट्टीचे किट्ट तुलनेने हलके आणि पुष्कळदा काचेसारखे किंवा सच्छिद्र असते. लोह भस्मासाठी लेथखालचा चुरा गोळा करण्याच्या सवयीविषयी मात्र फार लिहीत नाही. त्यात कोणते पोलाद, किती क्रोमियम-निकेल आणि यंत्राचे कोणते तेल, हे सांगणे यंत्रचालकालाही कठीण.

पारदाबाबत काळ आपल्याला स्वस्थ बसू देणार नाही. मिनामाता करार २०१७ पासून अमलात आला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. पारंपरिक व धार्मिक व्यवहारातील वस्तू त्यातील बंदीच्या यादीतून वगळल्या आहेत, हे खरे. परंतु पाऱ्याच्या नव्या खाणी उघडण्यास त्याने मनाई केली आणि चालू खाणींना त्या त्या देशापुरती पंधरा वर्षांची मुदत दिली. यापुढे बाजारातील पारा अधिकाधिक प्रमाणात इतर उद्योगांतून परत मिळवलेला असणार. जस्ताच्या खनिजातही थोडा पारा असतो. खनिज भाजताना तो धुरात जातो, आणि काही प्रद्रावशाळा तो धूर मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावाने धुऊन त्याचे कॅलोमेल बनवतात. रसपुष्प ओळखणाऱ्याला हे वाचून गंमत वाटेल. हिंगुलोत्थ पारद श्रेष्ठ, हा ग्रंथांचा दंडक येथे पुन्हा अर्थपूर्ण होतो, कारण ऊर्ध्वपातनात शिसे व कथील मागे राहतात. मात्र बाजारचा हिंगूळ बहुधा पारा व गंधक यांपासून बनवलेला कृत्रिम असतो, तेव्हा पातन मन लावून करणे याला पर्याय नाही.

परदेशांत आपल्या औषधांवर गदारोळ उठला तो २००४ साली. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यानंतर केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग, कॅडमियमची ०.३ भाग. ‘आमची भस्मे सेंद्रिय संस्काराने निर्विष झालेली असतात’ हे उत्तर आपण तेव्हा दिले आणि आजही देतो. ज्या भस्मात जो धातू असायला हवा त्याच्यापुरते ते उत्तर मांडता येईल. यशद भस्मातील शिशाबद्दल ते मांडता येत नाही. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे: अत्युच्च प्रतीच्या जस्तालाही ०.००३ टक्क्यांची, म्हणजे दहा लाखांत तीस भागांची मुभा आहे. म्हणून प्रतीचे नाव पाहून समाधान मानू नये. त्या लगडीच्या लॉटचा प्रत्यक्ष आकडा प्रमाणपत्रावर वाचावा. तो पुष्कळदा मर्यादेहून बराच खाली असतो.

अनुसूची ‘टी’ प्रमाणे धातुज आणि खनिज कच्चा माल वेगळा साठवावा लागतो, त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आपल्यापैकी बहुतेकांची नोंदवही व्यापाऱ्याचे नाव आणि बिलाचा क्रमांक येथेच थांबते. तिच्यात तीन रकाने वाढवावेत: धातू खनिजातून आला की मोडीतून, उत्पादकाचा लॉट नंबर, आणि शिसे, कॅडमियम व सोमल यांचे प्रमाण. तिसरा रकाना भरता येत नसेल तर तो धातू अग्राह्य.

व्यवहारातील अडचण मला दिसते. उत्पादकाकडून येणारी जस्ताची लगड पंचवीस किलोंच्या आसपास असते आणि एकच लगड कोणी विकत नाही. वर्षाला दोन-तीन किलो भस्म करणाऱ्या रसशाळेने ती घ्यावी कशी? ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेथे या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधायला नको. संघटनेने जस्त, तांबे आणि कथील या तीन धातूंची वर्षातून एकदा प्रमाणपत्रासह सामुदायिक खरेदी करावी, एका नमुन्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, आणि सभासदांना लॉट नंबर लिहिलेल्या पाकिटांतून हवे तेवढे वजन द्यावे. तपासणीचा खर्च शंभर जणांत वाटला गेला की नगण्य होतो. तोपर्यंत ज्यांच्याकडे जुना साठा पडून आहे त्यांनी तो निदान सोन्याचा कस पाहणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर ठेवून पाहावा. हॉलमार्क सक्तीचा झाल्यापासून ही यंत्रे जिल्ह्याच्या गावी सहज आढळतात. ते यंत्र दहा लाखांतील काही भाग ओळखणार नाही, पण जस्तातील एक टक्का शिसे किंवा चार टक्के ॲल्युमिनियम यांपैकी शिसे तर हमखास दाखवील. ॲल्युमिनियमसारखा हलका धातू मात्र त्याच्या नजरेतून सुटू शकतो, एवढे ध्यानात असावे.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा अशी कार्यकारिणीस विनंती आहे. खरेदीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपली वर्षाची गरज ग्रॅममध्ये कळवावी, आणि लगड कापताना करवतीच्या पात्याचा लोखंडी चुरा जस्तात जाणार नाही याची व्यवस्था कापणाऱ्याकडून आधीच लिहून घ्यावी.